श्रीखंडाचे डबे

परवा दुपारी चाळणी शोधायला कॉटखाली वाकले आणि हाताला श्रीखंडाचा डबा लागला. आत माती. मग एकामागून एक चौदा डबे निघाले. झाकणावर चिकटपट्टी, तीवर बॉलपेनने गावाचं नाव. खावडा, भद्रावती, साखरपा, पाँडिचेरी. एकावरची शाई पार उडालेली.

लोक प्रवासाहून बाकरवडी आणतात, मी भांडी घडवते म्हणून माती आणते. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, एका पाडव्याला पानं वाढलेली असताना त्यांनी नेमका चुकीचा डबा उघडला होता. एकदा विमानतळावर जवानाने पिशवी बाहेर काढायला लावली. “ये क्या है?” “मिट्टी.” त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “अस्थियाँ?” मी मान हलवली. काय करणार, रांग मोठी होती. त्याने पिशवी दोन्ही हातांनी परत दिली.

लहानपणी आजोळी जाताना कोल्हापूरची काळी माती मलकापूर सोडलं की तांबूस व्हायची. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत पांढऱ्या फ्रॉकला तिचा रंग चढलेला असायचा. आई आजोळच्या न्हाणीत फ्रॉक खळबळायची, बादलीतलं पाणी लाल व्हायचं आणि मी आत हात घालून तळाशी बसलेला मऊ गाळ चिमटीत पकडायची. पाठीत धपाटा बसेपर्यंत. तो तांबडा अजून मला साधलेला नाही. साखरप्याची माती ९०० अंशांना भाजली तर विटेसारखी दिसते, १२२० ला नेली तर चॉकलेटी, जवळजवळ काळी. मधलं काहीतरी हवंय, ते मिळत नाही.

कच्छमधल्या खावड्याला गेले ती तिथल्या मडक्यांवरची नक्षी टिपायला. आख्खी वही भरली. परत आल्यावर त्यातलं एकही फूल माझ्या भांड्यावर बसेना, उपरं दिसायचं. राहिलं ते भलतंच. तिथली बाई रंगवताना बांबूची काडी हलवतच नव्हती. काडी जागच्या जागी, दुसऱ्या हाताने मडकं फिरत होतं आणि रेघ आपोआप स्वतःला येऊन मिळत होती. तेव्हापासून मी मनगट आवळून धरायचं सोडलं. माझ्या कपांच्या काठावरची रेघ तिची आहे. वही कुठे आहे कोण जाणे.

बर्नार्ड लीच या इंग्रज चित्रकाराचंही असंच झालं. १९०९ साली तो जपानला गेला तो एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्रं छापायची कला, शिकवायला. दोन वर्षांनी एका मेळाव्यात पाहुण्यांना कच्ची भांडी रंगवायला दिली, ती तिथेच झिलई देऊन तासाभरात भाजूनही मिळाली. झालं, गडी कुंभार झाला. १९२० मध्ये इंग्लंडला परतला तेव्हा सोबत शोजी हामादा हा जपानी कुंभार होता, आणि सेंट आइव्ज्‌ला दोघांनी जपानी पद्धतीची, उतारावर पायरीपायरीने चढत जाणारी भट्टी बांधली. त्याच्या सामानाची झडती झाली होती का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

तर तो बिननावाचा डबा. वास उडालेला, रंग छान बदामी, दाणा इतका बारीक की चाळायचीही गरज नाही. कुठली असेल? कच्छची नाही, कोकणातली तर नाहीच. वाटीत पाणी घालून कालवली, दोन बोटांत घोळवली, डोळे मिटून गाव आठवायचा प्रयत्न केला.

फेस आला. सासूबाईंची शिकेकाई होती.