18 नव्हे, 27

"अक्का, इथं सही करा," म्हणत क्लार्कनं कागद पुढं सरकवला, तेव्हा मावशींनी पेन उचललंही होतं. मी तो कागद आधी माझ्याकडं ओढला. वर कन्नडमध्ये ग्रॅच्युइटीचा, म्हणजे निवृत्तीवेळी सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब मांडलेला, सेवा 18 वर्षं. अगदी खाली एक ओळ, ही रक्कम पूर्ण आणि अंतिम असून माझी कसलीही तक्रार नाही.

मी बेळगाव जिल्ह्यात अंगणवाडी शिक्षिका आहे आणि आमच्या संघटनेचं तालुक्याचं काम बघते. तालुका कुठला ते लिहीत नाही, कारण त्याच ऑफिसात उद्याही आमची बिलं जायची आहेत. मावशी शेजारच्या गावच्या केंद्रातल्या मदतनीस. सकाळी केंद्र उघडायचं, झाडलोट करायची, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. 1996 च्या जुलैत त्या कामाला लागल्या आणि 2023 मध्ये 60 पुरी होऊन घरी बसल्या. म्हणजे 27 वर्षं. मग 18 कुठून आली?

"2005 च्या आधीचं रेकॉर्ड नाही. ऑफिस जुन्या इमारतीतून हललं, तेव्हा गेलं," क्लार्क म्हणाले. माणूस वाईट नव्हता, टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्यांना ही एक संपवायची होती.

मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "टीचर, मिळतंय तेवढं घेऊया की. भांडून हे बी जाईल."

ही भीती मी फार ठिकाणी बघितली आहे. आम्हाला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि वर्षानुवर्षं तेच कानावर पडल्यावर बाईला वाटायला लागतं की मिळेल ते सरकारचे उपकार. पण 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या अंगणवाडी भगिनींच्या खटल्यात निकाल दिला, की सेविका म्हणजे शिक्षिका आणि मदतनीस दोघींनाही तेव्हाचा 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो आणि त्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच. तरी निकाल आपोआप गावापर्यंत चालत येत नाही. 2023 च्या जानेवारीत बेंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये राज्यभरातल्या बायका रात्रंदिवस उघड्यावर बसल्या, त्यात ग्रॅच्युइटीची मागणी होती. बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलगा-बस्तवाडच्या माळावर आम्ही याच कारणानं बसतो. तिथं मराठी आणि कन्नड बायका एकाच ताडपत्रीखाली एकाच डब्यातलं खातात. एवढं करून मिळालेला हक्क एका टेबलावर 9 वर्षांनी कमी होऊ द्यायचा?

मी वहीच्या मागच्या पानावर मावशींना हिशेब करून दाखवला. शेवटचं मानधन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. सोयीसाठी महिना 6 हजार धरा. 18 वर्षांचे साधारण 62 हजार होतात, 27 वर्षांचे 93 हजार. फरक 31 हजारांचा. मावशी आकड्याकडं बघत राहिल्या, मग पेन त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवलं.

क्लार्क म्हणाले, "पुरावा आणा, मी कुठं नाही म्हणतोय?" पण 1972 च्या कायद्याचं कलम 7 सांगत होतं की कामगारानं अर्ज केलेला असो वा नसो, रक्कम ठरवून कळवायची जबाबदारी मालकाची, आणि देय झाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची. रेकॉर्ड सांभाळणं मावशींचं काम नव्हतंच. हे मी मराठीत बोलले. माझ्याबरोबर सौंदत्तीकडची आमची एक मैत्रीण होती, तिनं तेच कन्नडमध्ये, माझ्यापेक्षा चढ्या आवाजात सांगितलं. तरी नुसत्या कायद्यानं फाईल हलत नाही, हातात कागद लागतो.

कागद सुचला तो तिलाच. ती म्हणाली, केंद्रातली भेटवही कुठाय? सुपरवायझर तपासणीला आली की त्या वहीत तारीख घालून शेरा लिहिते आणि सही करते. मावशींच्या केंद्रातल्या शिक्षिकेला फोन लावला. जुन्या वह्या तिनं टाकल्या नव्हत्या, पत्र्याच्या पेटीत होत्या. जेवणाची सुट्टी झाली, ऑफिस रिकामं झालं, आम्ही बाकावरून हललो नाही. दुपारी त्या शिक्षिकेचा मुलगा मोटरसायकलवरून आला आणि पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण 1996 च्या ऑगस्टमधला शेरा स्वच्छ वाचता येत होता. मुलं इतकी हजर, आहार दिला, शिक्षिका व मदतनीस उपस्थित. मदतनीसचं नाव आणि खाली सुपरवायझरची सही. पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक तरी शेरा निघाला.

आम्ही वही अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं चाळली आणि एका सहीवर थांबल्या. ती सुपरवायझर त्यांच्या ओळखीची निघाली. ऑफिसच्याच माणसाची सही ऑफिस कशी नाकारणार? त्यांनी क्लार्कला बोलावून पानांच्या झेरॉक्स फाईलला लावायला आणि सेवा जुलै 1996 पासून धरून नवा हिशेब करायला सांगितलं. मी ते टिपणीत लेखी मागितलं आणि पोच घेतली. तोंडी शब्दावर उठायचं नाही, हे संघटनेनं आम्हाला पहिल्यांदा शिकवलं. बाहेर येईपर्यंत शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती.

नंतर पैसे 27 वर्षांच्या हिशेबानं मावशींच्या खात्यावर जमा झाले. पासबुक दाखवायला त्या मुद्दाम बैठकीला आल्या आणि सगळ्या बायकांच्या हातातून ते फिरलं.

आता तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रातल्या जुन्या भेटवह्यांचे आम्ही मोबाईलवर फोटो काढून ठेवतोय. पुढची फाईल मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकेची आहे. तिच्या सेवेतून संपाचे दिवस वजा केलेत. कायद्याप्रमाणे आजारपण, रजा किंवा संप यामुळं सलग सेवा तुटत नाही. सोमवारी तो कागद घेऊन आम्ही तिघी जाणार आहोत, मावशीही येतो म्हणाल्यात.