ऊसतोड कामगारांच्या मुलांची गळती नेमकी कुठे होते?

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांत साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की वाड्या-तांड्यांवरील वर्ग ओस पडू लागतात. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेले आई-वडील दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचे दुसरे सत्र बुडाल्यातच जमा असते.

यावर शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत मुले आजी-आजोबांकडे राहतात आणि दोन वेळचे जेवण तेवढे शाळेत मिळते. तरीही ही व्यवस्था मला मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे मुलाचे गाव आणि गुरुजी सुटत नाहीत. मात्र अंगणवाडीच्या वयाचे मूल आईबरोबर फडावरच (ऊसतोडीच्या शेतावर) जाते आणि पहिलीत येते तेव्हा गोष्टी, गाणी, रंग यांना पारखे राहिलेले असते.

आठवीनंतरचा टप्पा सर्वांत अवघड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते, नववीची शाळा बहुधा दुसऱ्या गावी असते आणि नेमक्या त्याच वयात मुलगी कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) भाकरी थापायला व धाकट्या भावंडांना सांभाळायला उपयोगी पडू लागते. शिवाय नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्याला. त्यामुळे तिचे लग्न लवकर उरकण्यामागे केवळ रूढी नसून रोकडा हिशेबही असतो. अशा घरात बालविवाहविरोधी भाषण देण्यापेक्षा माध्यमिक शाळेजवळ मुलींचे सुरक्षित वसतिगृह असणे अधिक उपयोगाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहावी-बारावीनंतर अडते ते कागदांवर. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबांनी शाळेची पायरीच चढलेली नसेल तर तो आणायचा कुठून? मग जुन्या महसुली नोंदी, चुलत घराण्यातील कोणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला, अशी शोधाशोध सुरू होते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशफेरीच्या तोंडावर हे सारे जुळत नाही. म्हणून हे काम आठवीतच हाती घ्यावे आणि तेही आई-वडील गावी असतानाच, कारण तहसीलला खेटे घालायला त्यांना सवड असते ती पट्टा पडल्यानंतरच्या, म्हणजे गाळप हंगाम संपल्यानंतरच्या, उन्हाळ्यात, खरिपाची पेरणी सुरू होईपर्यंत.