ड्राफ्ट झालेला डिफेन्समन चार वर्षं असतो कुठे?

टोरांटो, मिसिसागा, एडिसन इथल्या मराठी घरांतून हा प्रश्न सतत येतो. मुलगा किंवा भाचा आइस हॉकीत डिफेन्सला खेळतो आणि घरच्यांनी एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, टीव्हीवर पाहिलेला असतो. १८ वर्षांच्या पोराचं नाव पुकारलं जातं, तो जर्सी चढवतो, फोटो निघतात. मग तीन-चार वर्षं तो एकाही सामन्यात दिसत नाही. "वाया गेला का हो तो?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा तो वाया गेलेला नसतो. डिफेन्समनचं काम अंगात भिनायला फॉरवर्डपेक्षा जास्त वर्षं लागतात. शिवाय त्या वर्षांत त्याने कुठे खेळायचं, हे बऱ्याचदा त्याच्या खेळाइतकंच करारातली कलमं ठरवतात.

आधी जागांचा हिशोब करू. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि सामन्याला प्रत्येक संघ २० जण उतरवतो: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोलकीपर. म्हणजे साऱ्या लीगमध्ये मिळून डिफेन्सच्या १९२ जागा. त्यातल्या बऱ्याचशा तिशीच्या आसपासच्या अनुभवी माणसांनी अडवलेल्या असतात. ड्राफ्टमध्ये मात्र सात फेऱ्यांत दरवर्षी २२४ मुलं निवडली जातात आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास डिफेन्सची असतात. फॉरवर्ड पोरगा चौथ्या फळीत आठ-दहा मिनिटं खेळवून सांभाळून घेता येतो. डिफेन्सच्या तीनच जोड्या असतात, त्यामुळे तिसऱ्या जोडीलाही पंधरा मिनिटांच्या आसपास खेळावंच लागतं. फॉरवर्ड चुकला तर मागे दोघं असतात. डिफेन्समन चुकला तर मागे फक्त गोलकीपर उरतो.

एवढी वर्षं तो शिकतो तरी काय? एकच प्रसंग बारकाईने पाहू, कारण माझ्या मते सगळं करिअर इथेच ठरतं.

प्रतिस्पर्धी मधली लाल रेषा ओलांडतो आणि पक (खेळायची रबरी चकती) तुमच्या मागच्या कोपऱ्यात फेकतो. डिफेन्समनने वळून पकमागे जायचं. एनएचएलच्या २०० बाय ८५ फुटांच्या रिंकवर निळ्या रेषेपासून मागच्या बोर्डापर्यंत ७५ फूट अंतर आहे, आणि एक फॉरवर्ड पूर्ण वेगात पाठीमागून येतोय. या अंतरात खांद्यावरून किमान दोनदा मागे बघावं लागतं: एकदा वळल्यावर लगेच आणि एकदा पकला हात घालायच्या आत. कोण येतोय, कुठल्या खांद्याकडून येतोय, आपला जोडीदार कुठे आहे, हे त्या नजरेत टिपायचं. तेवढ्यात जोडीदार किंवा गोलकीपर ओरडून सांगतो. 'व्हील' म्हणजे पक घेऊन गोलमागून वळ. 'रिव्हर्स' म्हणजे आलास त्याच दिशेला बोर्डावरून पक मागे सोड. 'ओव्हर' म्हणजे पलीकडच्या जोडीदाराला दे. 'अप' म्हणजे याच बाजूच्या विंगरला वर दे.

ज्युनियर हॉकीत पक घेऊन मग मान वर करायला वेळ मिळतो. एनएचएलमध्ये पकला स्टिक लागायच्या आत निर्णय झालेला असावा लागतो. चुका इथेच होतात. मुलगा मागे बघतच नाही. किंवा बोर्डाकडे तोंड करून सरळ घुसतो आणि पाठीवर धक्का खातो. तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते: घाबरून पक बोर्डावरून जोरात गोल फिरवून देतो, आणि तिथे समोरचा डिफेन्समन निळ्या रेषेवरून खाली सरकून वाटच बघत असतो. मग पक आपल्याच भागात अडकतो, पाचही जण दमतात, आणि कोणीतरी नाइलाजाने पक आपल्या अर्ध्या भागातून थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून 'आइसिंग'चा नियमभंग ओढवून घेतो. आइसिंग केलेल्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत, त्यामुळे तेच दमलेले पाच पुन्हा उभे राहतात. गोल बसतो तेव्हा टीव्हीवर गोलकीपर दिसतो. चूक चाळीस सेकंद आधी कोपऱ्यात झालेली असते.

दुसरं शिकणं म्हणजे 'गॅप', समोरून येणाऱ्या खेळाडूशी राखलेलं अंतर. मधल्या रेषेपाशी साधारण दोन स्टिकची लांबी आणि आपल्या निळ्या रेषेपर्यंत एक स्टिक, असं ढोबळ माप कोच देतात. उलट्या स्केटिंगमध्ये हे अंतर राखत त्याला बोर्डाकडे ढकलायचं आणि मधली वाट बंद ठेवायची. ज्याचा वेग कमी पडतो तो भीतीने आधीच मागे सरकतो आणि समोरच्याला निळी रेषा फुकट मिळते. उतावळा पोरगा स्टिक लांब करून पक हिसकायला जातो, त्याचं वजन पुढे जातं आणि फॉरवर्ड बाजूने निसटतो. हे अंतर डोळ्यांनी आणि पायांनी एकत्र शिकायचं असतं. म्हणून शेकडो सामने लागतात, आणि दरवर्षी अधिक वेगवान प्रतिस्पर्ध्यांसमोर लागतात.

आता वाटा. कॅनडात पहिली मोठी वाट मेजर ज्युनियरची: ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल, तिन्ही मिळून सीएचएल. वय साधारण १६ ते २०, मोसमाला साठहून जास्त सामने, बसचा लांब प्रवास, आणि मुलं दुसऱ्यांच्या घरी राहतात. खेळलेल्या दर मोसमामागे पुढच्या शिक्षणाच्या एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळते. तिच्या अटी सही करण्याआधी नीट वाचा. दुसरी वाट अमेरिकन कॉलेजची, म्हणजे एनसीएएची. तिथे सामने निम्म्याच्या आसपास, बहुतेक शुक्रवार-शनिवारी. बाकीचे दिवस सराव आणि व्यायामशाळा. पूर्वी सीएचएलमध्ये खेळलेल्या मुलाला एनसीएएचं दार बंद होतं. हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलची मुलं कॉलेजात खेळू शकतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच जन्माचा निर्णय घ्यायची सक्ती त्यामुळे गेली. जुन्या माहितीवर सल्ला देणारे अजून बरेच भेटतात, त्यांच्यापासून जपा. एनएचएलच्या करारावर सही केली की मात्र कॉलेज हॉकी संपली.

उंच, सडपातळ, अजून अंग भरायचं असलेल्या डिफेन्समनला कॉलेजची वाट मला जास्त पटते. जेकब स्लेव्हिनचं उदाहरण घ्या. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये कॅरोलायनाने त्याला चौथ्या फेरीत, १२० व्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतर तो आणखी एक मोसम यूएसएचएल या अमेरिकन ज्युनियर लीगमध्ये खेळला, मग दोन वर्षं कोलोरॅडो कॉलेज, मग २०१५ च्या शरद ऋतूत थोडे सामने शार्लटला एएचएलमध्ये (एनएचएलच्या लगेच खालची लीग), आणि त्याच मोसमात एनएचएल. ड्राफ्टपासून तीन वर्षं गेली. पुढे २०२१ मध्ये त्याला सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक मिळाला. त्या मोसमात त्याच्या नावावर फक्त दोन मिनिटांची शिक्षा होती. डिफेन्समन सहसा शिक्षा खातो ते उशिरा पोचल्यामुळे, स्टिक अडकवून किंवा धरून थांबवावं लागल्यामुळे. अंतर आणि कोन पक्के असले की त्याची गरजच पडत नाही.

डंकन कीथची वाट वेगळी. २००२ मध्ये ५४ वा, आधी मिशिगन स्टेट विद्यापीठ, मग केलोनाचा ज्युनियर संघ, मग नॉरफोकला एएचएलमध्ये पूर्ण दोन मोसम. त्यातला दुसरा मोसम एनएचएलच्या लॉकआउटचा होता, त्यामुळे वर जायचा प्रश्नच नव्हता. २००५ मध्ये तो शिकागोला आला. नंतर सर्वोत्तम डिफेन्समनचे दोन नॉरिस करंडक आणि तीन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं.

अपवाद आहेतच. मॅथ्यू शेफर २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला आणि १८ व्या वर्षीच न्यूयॉर्क आयलँडर्सच्या संघात खेळायला लागला. केल मकार २०१७ मध्ये चौथा होता, तरीही तो दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळूनच आला. लेन हटसन तर जेमतेम पावणेसहा फुटांचा, २०२२ मध्ये ६२ वा. तो दोन वर्षं बॉस्टन विद्यापीठात खेळला आणि २०२५ चा सर्वोत्तम नवोदिताचा करंडक घेऊन गेला. आपल्या मुलाची तुलना शेफरशी करू नका. स्लेव्हिनशी करा.

कराराच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा. १८ ते २१ या वयात पहिला करार तीन वर्षांचाच असतो आणि पगाराला लीगची कमाल मर्यादा असते. तो बहुधा 'टू-वे' असतो. वरच्या संघात असेल त्या दिवसाचा पगार एनएचएलच्या दराने, एएचएलमध्ये असेल त्या दिवसाचा त्या दराने. फरक प्रचंड आहे: वर किमान पगार धरला तरी दिवसाला चार हजार डॉलरच्या आसपास, खाली वर्षाचे लाखभरसुद्धा नाहीत. १८-१९ व्या वर्षी सही केलेला मुलगा मोसमात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर कराराचं ते वर्ष मोजलंच जात नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून नऊ सामन्यांनंतर पोरगा परत पाठवला, अशी बातमी दर नोव्हेंबरला दिसते. त्यात अपमान काही नाही, संघ एक स्वस्त वर्ष वाचवत असतो.

सीएचएलमधून निवडलेल्या मुलाला साधारण विशीपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येत नाही, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. एकतर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. आता लीग तो सैल करण्याच्या दिशेने निघाली आहे. डिफेन्समनला हा नियम सगळ्यात जास्त जाचतो, कारण १९ व्या वर्षी ज्युनियरमध्ये तो आपल्यापेक्षा लहान पोरांसमोर सहज खेळतो आणि सवयी बिघडतात.

आणखी एक कलम वेव्हर्सचं. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याला बाकी ३१ संघांपुढे ठेवावं लागतं, कोणीही उचलू शकतो. तरुणाला काही काळ यातून सूट असते. २० व्या वर्षी सही केली असेल तर तीन वर्षं किंवा १६० एनएचएल सामने, यातलं जे आधी होईल तोपर्यंत. म्हणून सरावात सातव्या, म्हणजे राखीव डिफेन्समनपेक्षा सरस ठरलेला पोरगाही खाली जातो. त्याला पाठवण्यात संघाचं काही जात नाही.

मला तर वाटतं, पोराचंही त्यात भलंच असतं. वर सातवा माणूस म्हणून कोट-टाय घालून प्रेक्षागृहात बसण्यापेक्षा खाली रोज वीस-बावीस मिनिटं खेळणं शंभर पटींनी बरं. एएचएलचे ७२ सामने बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपास कोंबलेले असतात, कधी तीन दिवसांत तीन. तिसऱ्या दिवशी पाय जड झालेले असताना मागे बघायची सवय टिकते का, हे तिथे कळतं. वर बोलावणं येतं ते बहुधा कोणीतरी जखमी झाल्यावर, आणि मिळतात ती शेवटच्या जोडीची मिनिटं. तिथे टिकायचा हमखास मार्ग म्हणजे पेनल्टी किल. एक माणूस कमी असताना शॉट अडवायचा, गोलसमोरची जागा मोकळी करायची आणि पक ताबडतोब बाहेर काढायचा. ज्युनियरमध्ये पॉवर प्लेवर (समोरच्यांचा एक माणूस कमी असताना) गोल-पासचे गुण मिळवलेल्या मुलांना हे काम सुरुवातीला कमीपणाचं वाटतं. पण पॉवर प्लेच्या पाच जणांत संघ बहुधा एकच डिफेन्समन वापरतो, आणि ती जागा आधीच कोणाची तरी असते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला थोडा फायदा आहे. असे डिफेन्समन कमी असतात आणि उजव्या बाजूला बोर्डालगत आलेला पक फोरहँडवर घेणारा कोचला हवा असतो. डावखुऱ्या स्टिकच्या मुलाने लहानपणापासून दोन्ही बाजूंना खेळायचा सराव ठेवला तर विशीत त्याची किंमत वाढते.

घरबसल्या मुलाची प्रगती कशी ओळखायची, हेही विचारलं होतंत. गुणांचा तक्ता बाजूला ठेवा. टोरांटोत असाल तर कोलिसियमला मार्लीज या तिथल्या संघाचा एखादा एएचएल सामना बघा, एक डिफेन्समन निवडा आणि पूर्ण वीस मिनिटं नजर त्याच्यावरच ठेवा, पकवर नको. तो किती वेळा मागे पक घ्यायला गेला, त्याआधी खांद्यावरून किती वेळा बघितलं, आणि त्यातल्या किती वेळा पक पासने बाहेर गेला, किती वेळा नुसता भिरकावला, हे वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात मुलाच्या सामन्याला तीच वही घेऊन बसा. आणि ते आकडे त्याला गाडीत घरी येताना ऐकवू नका, कोचला दाखवा.