तुम्ही विचारलंत म्हणून : चाकूच्या पात्याला ती खाच हवीच का?

खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायला निघालेला माणूस मला हमखास विचारतो, "धार जिथे संपते तिथे, मुठीजवळ, छोटी अर्धगोल खाच असते ना, ती असलेलाच घेऊ का? खाच नसली तर धार नीट लागत नाही म्हणतात." उत्तर आधीच देऊन टाकतो. धार तुम्ही स्वतः दगडावर लावणार असाल, तर खाचेचा विचार करा. नसाल, तर पोलाद बघा, पातं किती जाड आहे ते बघा, उघडल्यावर ते पक्कं बसतं का ते बघा आणि खाचेचं नावही काढू नका.

कारण ती खाच कापण्यासाठी नसतेच. घडीच्या चाकूचं पातं ज्या खिळ्यावर फिरतं, त्याच्यापाशी ते पूर्ण जाडीचं ठेवावं लागतं, सगळा ताण तिथे येतो. तिथून पुढे ते धारेकडे घासून पातळ केलेलं असतं. जाड भाग संपून पातळ भाग सुरू होतो तिथे उभी पायरी दिसते. धार थेट या पायरीला भिडलेली असली की पंचाईत. दगड सपाट असतो. पातं त्यावर ठेवलं की जाड भाग दगडाला आधी टेकतो आणि धारेचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहतात. बाकीची धार दर खेपेला थोडी थोडी झिजते, तेवढा तुकडा मात्र तसाच राहतो, आणि काही वर्षांनी पात्याच्या बुडाशी दात उगवल्यासारखा दिसतो. खाच असली की तो तुकडा मुळातच नसतो. धार जिथे संपते तिथपर्यंत दगड पोचतो.

हाच घोळ स्वयंपाकघरातही आहे. व्युस्टहोफ या जर्मन कंपनीच्या क्लासिक मालिकेतली मोठी सुरी बघा. मूठ आणि पात्याच्या मधली पोलादाची जाड पट्टी पार धारेपर्यंत खाली उतरलेली असते. हातात घेतली की भारदस्त वाटते. पण वर्षानुवर्षं पाजवल्यावर ती पट्टी आहे तिथेच राहते आणि तिच्या पुढची धार वर सरकते. मग पाटावर कांदा चिरताना खालचा पापुद्रा कापला जातच नाही. त्याच कंपनीच्या क्लासिक आयकॉन मालिकेत ही पट्टी अर्ध्यावरच थांबवली आहे, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. घडीच्या चाकूने आपण पाटावर क्वचितच चिरतो, त्यामुळे तिथे हा दात तितका नडत नाही. दिसायला वाईट, एवढंच.

खाचेचा त्रासही आहे. काथ्याची दोरी किंवा पुठ्ठा मुठीजवळच्या धारेने ओढून कापायला जा. दोरी घसरून खाचेत बसते आणि अडकते. दोन-तीन मिलिमीटरची गोल खाच असेल तर हे क्वचित होतं. काही कंपन्या मात्र एवढी मोठी खाच पाडतात की धारेची लांबी उगाच जाते आणि बोट ठेवायला ती पुरतही नाही. असा चाकू मी घेणार नाही. बोटासाठीचा खळगा ही वेगळी गोष्ट. स्पायडर्को कंपनीच्या पॅरा मिलिटरी २ या घडीच्या चाकूत तो आहे. तर्जनी पुढे नेऊन बारीक काम करण्यासाठी तो मुद्दाम दिलेला असतो. लोक दोन्हींची गल्लत करतात.

आणि खाच नसलेला चाकू चालत नाही, असं म्हणणाऱ्याला ओपिनेल दाखवावा. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये तो बनवला. पातं पातळ, पाठीपासून धारेपर्यंत उतरत गेलेलं, त्यामुळे ती पायरीच नाही. अडथळा येतो तो पातं अडकवून ठेवण्यासाठी 1955 पासून मुठीवर आलेल्या फिरत्या कडीचा. तिच्यावर दगड आपटू नये म्हणून कडी दगडाच्या काठाबाहेर ठेवायची. बस्स.

दगडाऐवजी उभ्या सिरॅमिक कांड्या वापरत असाल, तर प्रश्न आणखी हलका होतो. त्रिकोणी कांडीची कड पायरीच्या अगदी जवळ जाते. सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याकडे चाकू देत असाल, तर खाच असो-नसो, तो चाक मुठीजवळ जास्त वेळ टेकवून ठेवत नाही ना, एवढं बघा. तिथे पातं पोखरलं गेलं की भरून निघत नाही.

आता ज्यांच्या जुन्या चाकूला तो दात आलाच आहे त्यांच्यासाठी. खाच घरी पाडता येते. साधी कानस कडक पोलादावर घसरते. गोल, बारीक डायमंड कानस आणा. धार चिकटपट्टीने झाका, पातं उघडून शिकंज्यात धरा आणि पाण्याचे थेंब सोडत हळू घासा. फिरत्या हत्याराने करायची घाई नको. पात्यावर निळसर झाक दिसली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. खाच गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून चीर जाऊ शकते. आणि कंपनीची वॉरंटी त्यानंतर विसरा.