'सोबत कोण आलंय?'

नागपूरच्या धंतोलीतल्या एका मानसोपचार क्लिनिकच्या फॉर्मवर रकाना होता: 'सोबत आलेल्या नातेवाइकाचे नाव व सही'. त्यापायी माझी अख्खी सकाळ गेली. सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही.

फेब्रुवारीपासून झोप उडाली होती. पहाटे तीनला टक्क जाग. शाळेच्या वह्या तपासताना एकच उत्तर चारदा वाचायचे, तरी डोक्यात शिरायचं नाही. पण दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत सोळा प्रकारांपैकी माझा 'आयएनएफजे' आला होता ना! तेव्हापासून सगळं त्यातच बसवलं. चार माणसांत दमते, कारण माझा स्वभावच तसा. झोप नाही, कारण मी फार विचार करते. त्या चार अक्षरांनी मला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवलं, असं आज स्पष्ट वाटतं.

तर काउंटर. "ताई, एकट्याच आल्या का? नातेवाईक लागते."

"मी छत्तीस वर्षांची आहे. मलाच दाखवायचंय."

"मी सांगून राहिली ना, सहीशिवाय फाइल आत जात नाही. मिस्टरांना बोलवून घ्या."

मिस्टर नाहीत. घरी आई आहे, तिला बीपी आहे, आणि तिला मी सांगितलंच नव्हतं. मानकापूरकडच्या चौकाला आपलं शहर अजूनही पागलखाना चौक म्हणतं. मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांसमोर तोच चौक येणार. मी बाकावर बसले. अकराचे साडेअकरा, साडेअकराचे साडेबारा. कूलरची हवा फक्त काउंटरपर्यंत पोचत होती. एक कॉलेजचा मुलगा आला, गळ्यात आयकार्ड. त्यालाही तेच विचारलं. तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरून गेला. मला उठायला उशीर झाला.

त्यानंतर मात्र मी मोबाईलवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उघडला. कलम ४: माहिती समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घ्यायला सक्षम मानायचं. कलम १४: आपला प्रतिनिधी कोण, ते सज्ञान माणूस स्वतः ठरवतो. कलम २३: उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क. काउंटरवर जाऊन हे शांतपणे वाचून दाखवलं. मुलगी आत गेली, दोन मिनिटांत बाहेर आली. "मॅडम म्हणाल्या, पाठवा." दोन मिनिटं! त्यासाठी दीड तास.

आतलं सगळं सरळ झालं. नैराश्याची लक्षणं तपासणारी, पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. माझे १४ आले, म्हणजे मध्यम. यादीवरून निदान होत नाही, ते बोलण्यातून होतं, हे मॅडमनी आधीच सांगितलं. मी आयएनएफजेचा विषय काढला तेव्हा त्यांनी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररचा १९४८ सालचा प्रयोग सांगितला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना एकच वर्णन 'तुमचं' म्हणून दिलं. ते किती जुळतं याला त्या विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले. मी घरी येऊन माझं वर्णन पुन्हा वाचलं. ते शेजारच्या काकूंनाही लागू पडत होतं. वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

एक राहिलं. क्लिनिक शोधायच्या आधी एका रात्री मी १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला होता. चोवीस तास चालतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझं पहिलं रडणं तिथेच झालं. एकट्याने जायची भीती असेल तर सुरुवात तिथून करा. आणि थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच नको. औषध मात्र सायकॉलॉजिस्ट नाही, डॉक्टर असलेले मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. फॉर्म अडला तर काउंटरशी वाद घालत बसू नका, "आत डॉक्टरांना विचारून या" एवढंच म्हणा. मला हे दीड तासाने सुचलं.

आईला मागच्या रविवारी मीच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते, बाहेर बसून राहीन."

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मी तो रकाना रेघ मारून दिला, कोणी काही बोललं नाही. दोन्ही वेळा बाकावर तो आयकार्डवाला मुलगा दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही.