चिंध्यांची गाय आणि रुसलेलं वासरू

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

आज माळ्यावरून ती पिशवी एकदाची खाली काढली. पिशवी कसली, उशीचा जुना अभ्रा आहे, त्यात गेल्या दहा-बारा वर्षांच्या चिंध्या कोंबून ठेवल्यात. ब्लाऊज शिवून आला की उरलेला तुकडा टेलरकडून मागून घ्यायचा ही सवय आजीची, माझ्यात कधी आली कळलंच नाही. मागच्या वर्षी एकाने खणाचा चांगला हातभर तुकडा "फेकला मॅडम" म्हणून सांगितलं आणि मला तो त्याच्याच काउंटरवर मशीन पुसायला घेतलेला दिसला. काय बोलणार.

तर डोक्यात काय आहे, की यंदा वसुबारसेला भिंतीवर लावायला कापडाचं गायवासरू करायचं. दरवर्षी आम्ही कॅलेंडरमधलं चित्र कापून पाटावर ठेवतो आणि त्याचीच पूजा करतो, डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर खरी गाय कुठून आणणार. विकतचं तोरण, प्लॅस्टिकची झेंडूची माळ वगैरे लावून लावून कंटाळा आलाय. आणि दिवाळीची सुरुवातच वसुबारसेपासून, म्हणजे एकदा लावलं की भाऊबीजेपर्यंत भिंत सजलेली.

चिंध्या जमिनीवर ओतल्या आणि अर्धा दिवस त्यातच गेला, काम शून्य. हा लेकीच्या बारशाच्या झबल्याचा, हा माझ्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीच्या ब्लाऊजचा, हा आजोबांच्या धोतराचा, धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की हातात धरला तरी जाणवत नाही. गाय धोतराचीच करायची हे तिथेच ठरलं. वासरू तपकिरी खणाचं. खण गुळेदगुड्डचा, इरकल साडी इलकलची, दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, पण आमच्या सांगली साइडला बायकांना हे कापड परकं कधी वाटलंच नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ऑफिसमधून आल्यावर रोज दीड तास. बॅकग्राउंडला आईची काळी इरकल घेतलीय, घडीवर पार विरलेली, बोट लावलं की फाटते. पदर मात्र अजून कडक. इरकलीत अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात, अंग सुती आणि पदर लाल रेशमी, आणि मागावर ते एकमेकांत अडकवून जोडतात. उजेडात धरलं तर तो जोड नीट दिसतो, काळं जिथे लालमध्ये शिरतं तिथे छोट्या छोट्या अडकवणी. मी ते बघत बसले आणि पदराला कात्री लावायची हिंमतच होईना. पांढऱ्या धाग्यातली ती देवळाच्या शिखरांसारखी नक्षी मधोमध कापायची?

शेवटी आईला व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं हळवी होईल, दोन आठवणी सांगेल. ती म्हणाली, "अगं, वीस वर्षं नेसून झाली ती, काप की, नाहीतरी उंदीर खातील." झालं. पदराचा वीतभर तुकडा कापून गाईच्या पाठीवर झूल केली, शिखरं बरोब्बर कण्यावर आली. (एवढं एकच नीट जमलंय.)

धोतराची गाय दुमडून हेमिंगने लावली, कडेने काजटाका, डोळ्याला गाठीचा टाका. शिंगं जरीच्या काठाची, आणि जरीचा काठ कापला की जी सुतं निघतात ना, एक शिंग होईपर्यंत त्याची दाढीच झाली होती. अंगुस्तान सापडत नव्हतं म्हणून बिनअंगुस्तानाची बसले, मधल्या बोटाला तीन भोकं.

बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री साडेअकरा

गाढवपणा केला. वासरू लहान, पाय बारीक, खणाची सुतंही निघतात, म्हणून म्हंटलं दुमडत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूनी चिकटणारा फ्युजिंग पेपर वापरू, इस्त्री फिरवली की काम झालं. मस्त चित्र काढलं, वासरू मान वर करून आईकडे बघतंय असं. पण तो पेपर कापडाच्या उलट्या बाजूला लागतो, म्हणजे चित्र पण उलटंच काढायला हवं, आणि हे माझ्या लक्षात आलं कधी तर इस्त्री फिरवून, कागद काढून, काळ्या कापडावर कायमचं चिकटवल्यावर. आता गाय वासराकडे बघतेय आणि वासरू मान वर करून आमच्या फ्रिजकडे.

उपटायचा प्रयत्न केला तर खालची विरलेली इरकलच सुटायला लागली. सोडून दिलं. लेक आली, बघितलं, म्हणाली "रुसलंय गं ते." झोपायला गेली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर, आणि शुक्रवारची सकाळ

खाली जुन्या बेडशीटचं अस्तर घालून वाकळेसारखा धावदोरा घातला, आजी घालायची तसा, कडेपासून सुरू करून आत आत चौकोन करत मध्यापर्यंत. आमच्याकडे वाकळच म्हणतात, गोधडी हे लग्न करून इकडे आल्यावर शिकले. आजी दुपारी पडवीत वाकळ पसरून तिच्यावरच बसायची आणि सरकत सरकत शिवायची, टाके तांदळाच्या दाण्याएवढे. माझे गव्हाएवढे आहेत, काही ठिकाणी खजुराएवढे. आणि एक सारखं डोक्यात येत होतं, की तिला हे दाखवलं असतं तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं हे पांघरायचं कुणी. अठरा बाय चोवीस इंच, ना धड पायाखाली ना धड अंगावर. भिंतीला थंडी वाजते का म्हणाली असती.

घर भाड्याचं, ड्रिल मारायची परवानगी नाही, म्हणून चिकटवायचे हुक लावले. रात्री दोनला धप्पकन आवाज, नवरा काठी घेऊन बाहेर. गाय खाली पडलेली. सकाळी सुतळी बांधून पडद्याच्या रॉडवरून सोडली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

संध्याकाळी बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, गहू-मूग बंद. सासूबाई आज दूध-तूपही घेत नाहीत, त्यामुळे चहा कोरा आणि मूड तसाच. मला वाटलं आता वासराच्या तोंडावरून ऐकावं लागणार. त्यांनी चष्मा लावला, जवळ गेल्या, धोतरावरून हात फिरवला, काहीच बोलल्या नाहीत. मग ताटातलं हळदकुंकू घेतलं आणि सरळ गाईच्या कपाळावर लावलं, खरंखुरं, ओलं.

"आई!! डाग जाणार नाही तो!" मी ओरडलेच.

"मग पूजा कशाची करायची?" असं म्हणून त्यांनी बोट परत बुडवलं आणि फ्रिजकडे तोंड केलेल्या वासराच्या बाजूला जाऊन, वाकून, त्यालाही लावलं.