ड्रायव्हर कुठे बसला होता?

शनिवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी भिवंडीहून फोन आला. "मॅडम, आजचा प्लॅन आलाच नाही. गेटवर चौदा गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर विचारतायत कुठं जायचं." मी अजून अंथरुणातच होते. "पाच मिनिटांत सांगते," म्हटलं. त्या पाच मिनिटांचे साडेसहा तास झाले.

आमचं काम असं. ट्रकवर जीपीएसची डबी असते, ती सतत आपला ठावठिकाणा पाठवत राहते. दिवसभरात साचलेला हा ढीग रात्री एक वाजता स्पार्कचा (मोठं काम अनेक यंत्रांत वाटून करणारी प्रणाली) जॉब चाळतो. कोणती गाडी कुठे किती वेळ अडकली, कोणत्या रस्त्याला खरे किती तास लागतात, हे काढून पहाटे साडेपाचच्या आत दिवसाचा प्लॅन डिस्पॅचवाल्यांच्या हातात पडायला हवा. त्यासाठी रोज रात्री ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये एक ईएमआर क्लस्टर, म्हणजे भाड्याच्या यंत्रांचा ताफा, उभा राहतो आणि काम संपलं की मोडतो. (ईएमआर, ईएमआय नव्हे. आमच्या अकाउंट्समधल्या काकांनी एकदा बिल बघून "कंपनीने कर्ज कधी काढलं?" असं विचारलं होतं.)

क्लस्टरमध्ये एक मास्टर (सगळ्यांवर देखरेख करणारा), दोन कोअर (डेटा सांभाळून काम करणारे) आणि वीस टास्क (नुसतं काम करणारे) नोड, म्हणजे यंत्रं. मास्टर आणि कोअर पूर्ण दराचे, टास्क सगळे स्पॉटचे. स्पॉट म्हणजे त्या घडीला कोणी न घेतलेली, पडून असलेली यंत्रं. ॲमेझॉनने ती 2009 च्या डिसेंबरात स्वस्तात द्यायला सुरुवात केली. 90 टक्क्यांपर्यंत सूट असं ते सांगतात, आम्हाला 60-65 टक्के पडते, आणि तीही काही थोडी नाही. अट एवढीच की त्यांना यंत्र परत हवं झालं की दोन मिनिटांची नोटीस देऊन काढून घेणार. गुगल आणि अझ्युर तर 30 सेकंदांवर भागवतात. सिंहगड एक्सप्रेसमध्ये दुसऱ्याच्या रिझर्व्ह सीटवर बसण्यातलाच हा प्रकार. मालक येईपर्यंत बसा, तो आला की पिशवी उचला.

आमचे बॉस अजूनही "बोली किती लावली?" असं विचारतात, कारण 2017 पर्यंत खरंच बोली लावावी लागायची. आता तसं नाही. कमाल किंमत काही न लिहिता सोडली तर ती पूर्ण दराइतकी धरली जाते. यंत्र जातं ते बहुधा जागा संपली म्हणून. जास्त पैसे लिहून ते वाचत नाही, हे त्यांना मी तीनदा तरी सांगितलं असेल.

तर, लॅपटॉप उघडला. जॉबची स्थिती: रनिंग. हिरवीगार. म्हणूनच रात्री कुणाचा फोन वाजला नव्हता. आम्ही गजर लावला होता जॉब पडला तर वाजेल असा. जॉब पडलेलाच नव्हता. एक वाजता सुरू झालेला, चारपर्यंत संपणारा जॉब सव्वासहालाही निमूटपणे चाललेला.

मग यार्नच्या, म्हणजे क्लस्टरमध्ये कोणतं काम कुठल्या यंत्रावर चालेल हे ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या, पानावर प्रयत्नाचा आकडा दिसला: 3. म्हणजे जॉब रात्रीत दोनदा मेला होता आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरू झाला होता. यार्नमध्ये ही मर्यादा मुळात 2 असते. ती 4 करून ठेवली होती मीच, वर्षापूर्वी, "असू दे" म्हणून.

पहिल्या प्रयत्नाचा लॉग उघडला. शेवटची ओळ ॲप्लिकेशन मास्टरची, म्हणजे जॉबच्या मुकादम प्रोग्रामची (मास्टर नोड वेगळा): रिसीव्ह्ड सिग्नल टर्म. कोणीतरी बाहेरून मारलंय. प्रत्येक स्पॉट यंत्रावर आमची एक छोटी स्क्रिप्ट असते. ती 169.254.169.254 या पत्त्यावर दर पाच सेकंदांनी विचारते, "मला काढताय का?" एरवी उत्तर येतं 404, म्हणजे नाही. त्या यंत्राच्या नोंदीत 404, 404, 404 अशी रांग आणि मग एक वेगळी ओळ: टर्मिनेट, वेळ 21:10. मी दहा मिनिटं याच्यावर डोकं फोडलं. रात्री नऊला तर क्लस्टर उभाही नव्हता! मग लक्षात आलं, ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवले की दोन चाळीस. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी अजून यात फसते.

टास्क नोड जाणं नवीन नाही, आठवड्यात एखादा जातोच. त्यावरचा एक्झिक्युटर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम, जातो, त्याच्या वाट्याचं काम दुसरा करतो, जॉब थोडा रेंगाळतो आणि संपतो. या वेळी सगळा जॉबच का मेला, ते मला कळत नव्हतं. आणि कळायच्या आत एक निर्णय घ्यायचा होता. तिसरा प्रयत्न 4:26 ला सुरू झालेला, म्हणजे साडेसातला संपेल. मारून नव्याने सुरू केला तर साडेनऊ. भिवंडीला फोन करून सांगितलं, साडेसात. ते म्हणाले, "तोवर कालच्याच प्लॅनवर पाच गाड्या सोडतो अंदाजानं."

7:05 ला तिसराही गेला.

चौथ्याची वाट न बघता मी क्लस्टर मोडला. म्हटलं, एक दिवस पैसे गेले तर जाऊ देत, सगळंच पूर्ण दराने उभं करू. तर कोटा आडवा आला. स्पॉटचा कोटा वेगळा आणि पूर्ण दराच्या यंत्रांचा वेगळा, दोन्ही व्हीसीपीयूमध्ये, म्हणजे आभासी प्रोसेसरांत, मोजतात. वीस यंत्रं गुणिले प्रत्येकी आठ म्हणजे 160 लागणार, आणि आमचा पूर्ण दराचा कोटा 64. वाढवून मागता येतो, पण शनिवारी सकाळी साडेसातला तो कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. स्पॉटला पर्याय उरला नाही.

तोवर टीममधला आमचा धाकटा ऑनलाइन आला होता. त्याने माझ्या डोक्यात न आलेला प्रश्न विचारला. "ताई, पण ड्रायव्हर कुठे बसला होता?"

स्पार्कमध्ये ड्रायव्हर म्हणजे कामाचं वाटप करणारा, हिशेब ठेवणारा. तो गेला की बाकीच्यांनी कितीही काम केलेलं असो, सगळं पाण्यात. आमच्याकडे तो ॲप्लिकेशन मास्टरच्या आतच चालतो आणि इतकी वर्षं बिनबोभाट कोअर नोडवर बसत होता. निदान मी तसं गृहीत धरलं होतं. बघितलं तर तिन्ही प्रयत्नांत तो टास्क नोडवर. म्हणजे दुसऱ्याच्या रिझर्व्ह सीटवर, आणि सगळ्यांची तिकिटं त्याच्या खिशात.

मंगळवारी मी ईएमआर 5 वरून 6 वर नेलं होतं. तीन रात्री सुरळीत गेल्या म्हणून पाठही थोपटून घेतली होती. 5.19 पासून पुढच्या पाचच्या आवृत्त्यांत यार्नची नोड लेबलं (कोणतं काम कोणत्या नोडवर बसवायचं ते सांगणाऱ्या खुणा) आपोआप चालू असायची आणि ॲप्लिकेशन मास्टर फक्त कोअरवर जायचा. सहाच्या मालिकेत ती मुळातच बंद असतात. ॲप्लिकेशन मास्टर कोअरवर बसेल किंवा टास्कवर. ईएमआरच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय. वाचलं नव्हतं मी. वीस टास्क आणि दोन कोअर, म्हणजे चिठ्ठी कुठे निघणार हे सांगायला नको.

यार्न-साइट या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या: लेबलं चालू, ॲप्लिकेशन मास्टरचं लेबल कोअर. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं असं तासभर वाटत राहिलं, कारण त्याच झटक्यात मी दुसरंही दुखणं काढायला घेतलं. आमचे वीसही टास्क नोड एकाच जातीचे होते, एम5.2एक्सलार्ज. ईएमआरचा सगळा क्लस्टर एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे रीजनमधल्या डेटा सेंटरच्या एकाच गटात, राहतो. त्या झोनमधली त्या जातीची जागा आटली की आपली यंत्रं लागोपाठ जाणार. म्हणून इन्स्टन्स ग्रुप (एकाच जातीची यंत्रं) काढून इन्स्टन्स फ्लीट (अनेक जातींची) लावला, त्यात एम5, एम5ए, आर5 अशा पाच जाती दिल्या, आणि निवड सर्वांत स्वस्तावर न सोडता जिथे जागा जास्त शिल्लक आहे तिथे, म्हणजे कपॅसिटी-ऑप्टिमाइझ्ड केली. स्पॉट मिळालंच नाही तर किती मिनिटं थांबून पूर्ण दरावर जायचं, हेही फ्लीटमध्ये सांगता येतं. मात्र हे फक्त क्लस्टर उभा राहताना लागू होतं. रात्री दोन चाळीसला त्याचा काही उपयोग नाही.

क्लस्टर उभाच राहिना. परवानगी नाही, म्हणे. आमचा सर्व्हिस रोल, म्हणजे ईएमआरला काय काय करायची मुभा आहे त्याची यादी, आम्ही कधीकाळी काटकसरीने हाताने लिहिलेला, आणि फ्लीटला अशी निवड करायला क्रिएटफ्लीट आणि लाँच टेम्प्लेटच्या परवानग्या लागतात. त्या देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे, ते शनिवारी सकाळी पर्वतीवर चढत होते. वर पोचून, धापा टाकत, मोबाइलवरून त्यांनी मंजुरी दिली. सव्वानऊला जॉब सुटला.

मग आम्ही दोघं नुसते बघत बसलो. आईने पोहे आणून ठेवले, ते तसेच गार झाले. पहिल्यांदा बघितलं, ड्रायव्हर कुठे? कोअरवर. अकराला दहा कमी असताना स्क्रिप्टच्या नोंदीत 404 तुटलं. टर्मिनेट. पाठोपाठ दुसऱ्या यंत्रावर. दोघंही एम5ए. धाकटा म्हणाला, "गेलं," आणि मी काहीच बोलले नाही. दोन मिनिटांनी दोन एक्झिक्युटर पानावरून लाल होऊन निघाले. शफलचे, म्हणजे एका टप्प्यातून पुढच्या टप्प्याकडे जाणाऱ्या मधल्या डेटाचे, तुकडे त्यांच्याच डिस्कवर होते, त्यामुळे फेच फेल्डच्या (तुकडा मिळाला नाही) ओळी धो धो यायला लागल्या आणि आधीच्या टप्प्यातली काही कामं पुन्हा करावी लागली. पुढे सरकलेली पट्टी मागे आली. पंधरा-वीस मिनिटं गेली त्यात. पण प्रयत्नाचा आकडा 1 होता आणि 1 च राहिला. बाकीच्या जातींची यंत्रं जागची हलली नाहीत.

बारा बेचाळीसला प्लॅन गेला. भिवंडीवाले रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आता याचं काय करू मॅडम, गाड्या वाशीला पोचल्यासुद्धा."

सोमवारी दुपारी मुद्दाम चाचणीचा क्लस्टर उभा केला आणि कन्सोलमधून एकेक टास्क नोड हाताने मारला, सहा मारले. जॉब दोन भागांत तोडला, मधला निकाल एस3 वर, म्हणजे क्लस्टरबाहेरच्या ॲमेझॉनच्या साठ्यात, उतरवला, म्हणजे शफल गेलं तरी अर्ध्यापासूनच सुरू होईल. गजर बदलला, आता प्रयत्नाचा आकडा 2 झाला तरी वाजतो. मर्यादा 4 ची पुन्हा 2 केली.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये बॉसनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते दोन कोअर पण स्पॉटवर टाकले तर महिन्याला किती वाचतील?"

आकडा मी काढून ठेवलाच होता. "चार-साडेचार हजार रुपये."

"आणि बोली?"